पिवळं पाणी

चांगदेव ओट्यावर टेकले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी खांबाला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मांडवगण फराट्यातल्या रोशनबीच्या या ओट्यावर दर बुधवारी आणि रविवारी कावीळ झालेली माणसे औषधासाठी बसत. नऊ दिवसांपूर्वी, अशाच एका बुधवारी, त्यांचा मुलगा महेंद्र इथे भिंतीला पाठ लावून बसला होता. परवा तो पुण्याच्या दवाखान्यात वारला आणि काल त्याचा अंत्यविधी झाला.

“भाभी, रविवारी पुण्यानुमोदन हाय,” ते म्हणाले. “तुम्ही या. आन् सगळ्यांसमोर एवढं एक सांगा.”

“काय सांगू, आप्पा?” रोशनबीने विचारले.

“सुई टोचली म्हणून गेला, असं. दवा चालू असताना सुई चालत न्हाई, हे तुमच्याच घरचं हाय. सातातला एक दिवस राह्यला व्हता फक्त. तिनं दम धरला न्हाई.”

ती म्हणजे गौतमी, महेंद्रची बायको. रविवारचा कार्यक्रम उरकला की दौंडहून आलेले तिचे माहेरचे लोक तिला घेऊन जाणार होते आणि चार वर्षांची यशोधरा मात्र आजोबांकडे राहणार होती, असे चांगदेवांनी ठरवले होते. ज्या बाईने नवऱ्याला सुई टोचवून घालवला तिच्या हाती नात द्यायची नाही, हे त्यांचे म्हणणे. भावकीतल्या काहींना ते पटत नव्हते. दवाखान्यात नेले यात तिचे काय चुकले, असे ते विचारत. शेवटी सर्वांचे एकमत एकाच गोष्टीवर झाले: औषध रोशनबीचे, तेव्हा ती काय सांगेल ते खरे.

“येते,” रोशनबी म्हणाली. काय सांगणार, ते तिने सांगितले नाही, आणि चांगदेवांना विचारण्याची गरज वाटली नाही.

या औषधाची लेखी नोंद कोठेही नाही. रोशनबीचे वय आज बासष्ट आहे. एकवीस वर्षांची असताना सासूने, खातूनबीने, ते तिच्या हाती दिले. खातूनबीला ते कोणाकडून मिळाले याच्या दोन हकिकती घरात सांगतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकेचाळीस वर्षांत किती माणसांना दिले, असे विचारले तर सून सायमा हजार म्हणते आणि मुलगा नौशाद पाच हजार. वस्तू साधी आहे. पावसाळ्यानंतर बांधाबांधांवर, कुंपणांवर एक वेल चढते, तिला लिंबाएवढी काटेरी फळे लागतात. दिवाळीनंतर ती वाळली की आतून दोडक्यासारखी जाळी निघते. वनस्पतीशास्त्र शिकलेला माणूस तिला देवडांगरी म्हणेल. रोशनबीच्या घरात तिचा उल्लेख फक्त “कडू” असा होई, कारण नाव उच्चारले की गुण जातो, हा पहिला नियम. फळ रात्रभर भिजवायचे आणि सकाळी उपाशीपोटी त्या पाण्याचे थेंब नाकात सोडायचे. दोन-तीन तासांत नाक गळू लागते. रोग्याने पांढरे फडके आणायचे, नाक त्यातच टिपायचे आणि दुपारी ते रोशनबीला आणून दाखवायचे. फडके पिवळे झालेले असे. ती उन्हात धरून बघे आणि म्हणे, “निघाली.”

नियम आणखी होते. मोबदला घ्यायचा नाही. सात दिवस मीठ, तेल, हळद बंद. गोळी नाही, सुई नाही. आणि शेवटचा नियम, ज्याच्याकडे एकेचाळीस वर्षांत कोणाचे विशेष लक्ष गेले नव्हते: धडधाकट माणसाच्या नाकात ही दवा घालायची नाही, ती रुसते.

जे बरे झाले ते सांगायला आले. कोणी साखर आणली, कोणी पोराला पाया पडायला आणले. जे बरे झाले नाहीत त्यांच्या घरून कोणी आले नाही, आणि न आलेल्यांची मोजदाद ओट्यावर होत नसे. बहुतेकांची कावीळ महिन्या-दीड महिन्यात आपली आपण उतरते, असे उपकेंद्रातली नर्स सांगायची. रोशनबीने ते ऐकले होते आणि सोडून दिले होते. न सोडण्याचे कारणही तिला कधी पडले नाही.

महेंद्र सणसवाडीला एका कारखान्यात वेल्डर होता. बायको-मुलीसह खोली भाड्याने घेऊन राहत असे. त्या महिन्यात त्यांच्या खोल्यांच्या ओळीतल्या तिघांचे डोळे पिवळे झाले, त्यांत एक तो. तिथल्या डॉक्टरने रक्त तपासायला आणि दाखल व्हायला सांगितले. चांगदेवांनी फोनवरून सांगितले, “आधी गावाला ये.”

चांगदेवांचे घर नवससायास सोडलेले. त्यांच्या वडिलांनी देव्हाऱ्यातले देव भीमेत सोडले ते सोडले, पुन्हा त्या घरात अंगारा आला नाही. पण कडूचे औषध त्यांच्या हिशेबी त्यात मोडत नव्हते. “यात देवाचं काय हाय? झाडपाला हाय निव्वळ,” असे ते म्हणत. विशीत असताना त्यांना स्वतःला कावीळ झाली होती. तेव्हा ते आणि रोशनबीचा नवरा रहीम दोघेही पाटसच्या साखर कारखान्यात गाळपाच्या हंगामापुरते कामाला असत आणि एकाच डब्यात जेवत. रहीमने त्यांना धरून आणले, खातूनबीने थेंब घातले, आणि चांगदेव बरे झाले. थेंबांमुळे झाले की थेंब घालूनही झाले, हे ठरवायला दुसरा चांगदेव उपलब्ध नव्हता.

त्या बुधवारी महेंद्र चांगला बोलत होता.

“चाची, झाडाचं नाव तरी सांगा की. बाटल्या भरून सणसवाडीत विकू. निम्मं तुमचं.”

“गप वर बघ. लग्नात बी एवढा बोलला न्हाईस.”

“लग्नात नाकात कुणी कडू वतत न्हवतं.”

“तेच चुकलं,” गौतमी मागून म्हणाली, आणि ओट्यावरचे सगळे हसले.

दुपारी फडके पिवळेजर्द होऊन आले. रोशनबीने ते उन्हात धरले. “निघाली,” ती म्हणाली. चांगदेवांनी हात जोडले.

शनिवारी महेंद्र दिवसा झोपू लागला. रविवारी त्याने मुलीला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि पाण्याचा तांब्या हातात धरताना त्याचा हात पाखराच्या पंखासारखा फडफडला. संध्याकाळी चांगदेव विचारायला आले. रोशनबी अंगणात शेंगा निवडत बसली होती.

“कावीळ निघताना अंगातली ताकद घेऊन जाते, आप्पा,” तिने सांगितले. “दोन दिवस कड काढा.”

ती उठली नाही. चांगदेवांचे घर दोनशे पावलांवर होते, आणि शेंगा अर्ध्याच झाल्या होत्या. सासू असेच सांगायची. तिनेही आजवर अनेकांना हेच सांगितले होते.

सोमवारी गौतमीने शेजाऱ्याची जीप मागून त्याला शिरूरला नेले. तिथून त्याच दिवशी पुण्याला. बुधवारी, उजाडायच्या आत, तो गेला.

हे सगळे रोशनबीला माहीत होते. तरी चांगदेव गेल्यावर शुक्रवारची ती संध्याकाळ तिने सुईचाच विचार करत घालवली. सुई टोचली होती, सलाईन लावले होते, आणि माणूस गेला होता. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या एकीला एक जोडायला कोणतीच अडचण नव्हती.

शनिवारी सकाळी गौतमी आली. तीसुद्धा ओट्यावर बसली नाही.

“चाची, मामांनी तुम्हाला काय सांगायला लावलंय ते मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “मी भांडायला न्हाई आले. पुण्याचे डॉक्टर काय बोलले तेवढं सांगते आन् जाते.”

“बोल.”

“त्यांनी विचारलं, काय दिलं व्हतं? मी म्हणले, नाव म्हाईत न्हाई, नाव सांगत न्हाईत. ते म्हणले, नाकात घातलं? पिवळं पाणी आलं? मी व्हय म्हणले. तर म्हणले, ती दवा नाकातल्या कातडीला झोंबते, म्हणून ती पाणी सोडते. कावीळ नसलेल्या माणसाचं बी येतं. त्याचा आन् काविळीचा संबंध न्हाई.”

“डॉक्टर लोक झाडपाल्याला नावं ठेवणारच, पोरी.”

“मग घाला माझ्या नाकात.” गौतमीने ओढणी मागे टाकली आणि मान वर केली. “मला कावीळ न्हाई. डोळे बघा. घाला.”

“धडधाकट माणसाला देत न्हाईत.”

“का?”

“न्हाई चालत. दवा रुसते.”

“कुणी ठरवलं?”

“सासूनं सांगितलं मला.”

“आन् त्यांना?”

गौतमीने ओढणी सारखी केली.

“मी डॉक्टरांना विचारलं, चार दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता का? ते म्हणले, वाचला असता असं मी म्हणणार न्हाई, पण आम्हाला काहीतरी करता आलं असतं. एवढंच म्हणले. तेवढ्यावर मी तुम्हाला मारेकरी म्हणत न्हाई. पण उद्या तुम्ही सुई म्हणलात की माझी यशोधरा गेली. मला माझी पोरगी पाहिजे. बाकी तुमच्या दव्याचं तुमचं तुम्ही बघा.”

ती गेल्यावर रोशनबीने पत्र्याचा डबा काढला आणि रविवारच्या माणसांसाठी नेहमीप्रमाणे फळे भिजत घातली. हात आपसूक चालत होते. झाकण ठेवताना मात्र तिला जाणवले की आपण नेहमीपेक्षा एक फळ जास्त टाकले आहे.

रविवारी फजरची नमाज झाल्यावर ती अंगणातल्या खाटेवर उताणी पडली आणि दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. चहा ठेवायला उठलेली सायमा दारातच थबकली.

“अम्मी, तुमना कावीळ हुई क्या?”

“देखती बैठ,” रोशनबी म्हणाली.

कपाळात कोणी तिखट भरावे तशी आग उसळली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, शिंकांवर शिंका आल्या. एकेचाळीस वर्षे ती लोकांना “एवढं काय त्यात, कड काढा” म्हणत आली होती, आणि हे इतके झोंबते हे तिला माहीत नव्हते. दीड तासाने उजव्या नाकपुडीतून पहिला थेंब उतरला. तिने धुतलेले पांढरे फडके नाकाला लावले. मग डावीतून. मग दोन्हींतून, नळ नीट बंद न झाल्यासारखे.

तिने फडके उन्हात धरले. ते पिवळे होते, जसे महेंद्रचे, जसे आजवर पाहिलेल्या प्रत्येकाचे. एका कडेला रक्ताची बारीक रेघ होती.

“मेरे आँखाँ देख,” तिने सायमाला सांगितले.

सायमाने खालची पापणी ओढून पाहिली. डोळे पांढरे होते. नखे पाहिली, जीभ पाहिली. कावीळ कुठेच नव्हती.

रोशनबी फडके मांडीवर घेऊन बसून राहिली. सासूने तो नियम मुद्दाम केला होता का? तसे वाटत नव्हते. खातूनबी लबाड बाई नव्हती. तिलाही कोणीतरी असेच सांगितले असावे, आणि त्याला आणखी कोणी. पण नियम असा होता की तो पाळला जाईपर्यंत औषध खोटे ठरूच शकत नव्हते. आणि सगळ्यांनी तो पाळला होता.

ओट्यावर तिघे जण येऊन बसले होते. नाकाला फडके लावूनच तिने त्यांना सांगितले, “आज न्हाई. शिरूरला जा, रक्त तपासा.” एक म्हातारा म्हणाला, बाईला सर्दी झालीय, बुधवारी येऊ. ते उठून गेले. बुधवारी ते नक्की येणार, हे तिला कळले.

चांगदेवांच्या अंगणात मांडव घातला होता. टेबलावर महेंद्रचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुले. वंदना होऊन गेली होती आणि लोक भाड्याच्या खुर्च्यांवर बसून होते. गौतमी फोटोजवळ खाली बसली होती, यशोधरा तिच्या मांडीवर. मागे तिचा भाऊ सत्यजीत, गाडीची चावी मुठीत धरून. रोशनबी आत आली तेव्हा नाकाला फडके होते आणि डोळे लाल. बायकांना वाटले ती रडते आहे. दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला.

चांगदेवांचे चुलतभाऊ ज्ञानदेव उठले. “भाभी, लोक थांबल्यात. सांगून टाका. सुईनं झालं का न्हाई?”

रोशनबीने फडके नाकावरून काढले आणि उघडून धरले.

“मी रडत न्हाई,” ती म्हणाली. “आज पहाटं दवा माझ्याच नाकात घातली. हे माझं पाणी हाय. मला कावीळ न्हाई. ज्याला बघायचं त्यानं माझे डोळे बघावं.”

कोणी उठले नाही. तिच्या ओठावर एक थेंब ओघळला. तो तिने टिपला आणि फडके पुन्हा सर्वांकडे वळवले.

“महेंद्रचं असंच आलं तवा मी ‘निघाली’ म्हणले. ती निघाली न्हवती. ते फक्त नाकाचं पाणी व्हतं. माझ्या शब्दावर तुम्ही थांबला. गेल्या रविवारी आप्पा विचारायला आले, तवा मी उठून बघायला सुद्धा आले न्हाई. सुईनं गेला न्हाई तो. थांबल्यानं गेला का, ते मला सांगता यायचं न्हाई. पण सुईनं न्हाई. त्या पोरीनं काही वाईट केलं न्हाई.”

मांडवात कुजबूज झाली. मग ज्ञानदेव समजुतीच्या सुरात म्हणाले, “भाभी, तुम्ही धडधाकट असताना घातली, तिथंच चुकलं. दवा रुसली तुमच्यावर. म्हणून असं पिवळं आलं.”

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. ते त्यांना पटण्यासारखे होते.

“रुसली असती तर पाणीच आलं नसतं, भाऊ,” रोशनबी म्हणाली.

“तुम्ही दमलाय. बसा.”

“मग त्याला घरी धरून ठेवला कुणी?”

हे चांगदेव बोलले होते. फोटोकडे पाहत, कोणालाही उद्देशून नाही. ज्ञानदेव त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, त्यांनी तो बाजूला केला.

“सोमवारी सकाळी ती मोटरसायकलची चावी मागत व्हती. म्हणत व्हती, मामा, यांना मी कोण ते कळंना. मी चावी खिशात घातली आन् मळ्यात जाऊन बसलो. दोन तास बसलो. तवर तिनं जीप बघितली. सणसवाडीच्या डॉक्टरनं त्याला दाखल व्हायला सांगितलं व्हतं. गावाला ये म्हणून फोन मी केला.”

सुईचा मुद्दा आता कोणी काढणार नव्हते, आणि तो नाहीसा झाल्यावर त्याच्या जागी जे उरले होते त्याच्याकडे कोणाला पाहायचे नव्हते.

गौतमी उठली. तिने यशोधरेला कडेवर घेतले आणि सत्यजीतला घरातली बॅग आणायला सांगितले. ती चांगदेवांपुढे येऊन उभी राहिली.

“मामा, मी जाते. पोरगीला नेते.”

“जा असं मी आता म्हणलो न्हाई,” चांगदेव म्हणाले. त्यांचा आवाज ऐकू येईल न येईल असा होता. “रहा. दोघी रहा. घर तुमचंच हाय.”

“घर हाय,” गौतमी म्हणाली. “पण दोन तास मी दारात उभी व्हते, मामा. ते मला इथं रोज दिसंल.”

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. यशोधरेने आजोबांचे बोट धरून ठेवले होते. ते गौतमीने हळूच सोडवले. जाता जाता ती रोशनबीजवळ थांबली, तिच्या नाकाकडे पाहिले, आणि आपल्या हातातला कोरडा रुमाल तिला दिला. गाडी सुरू झाली आणि धूळ उडवत भीमेच्या पुलाकडे वळली.

लोक एकेक करून उठले. जाताना कोणी रोशनबीशी बोलले नाही. फाटकापाशी एक बाई दुसरीला सांगत होती की भाभीच्या घरावर कुणीतरी काहीतरी केले असावे, एवढा हाताला गुण असलेली बाई असे बोलायची नाही.

मांडव रिकामा झाला तरी चांगदेव खुर्चीवरून हलले नव्हते. रोशनबी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

“भाभी,” ते म्हणाले, “तुम्ही सुई म्हणला असता, तर नात राह्यली असती.”

“व्हय, आप्पा.”

“आन् मला बी कळलं नसतं.”

“व्हय.”

त्यांनी मान हलवली. ती तक्रार नव्हती, माफीही नव्हती. दोन गोष्टी खऱ्या आहेत एवढेच त्यांनी मोजून घेतले होते. मांडववाल्याचा टेम्पो आला. त्याने कनात सोडली, टेबल उचलले, फोटो ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवला आणि खुर्च्या एकात एक घालून भरल्या. दोन खुर्च्या राहिल्या. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, एकदा हॉर्न वाजवला. मग, उद्या नेतो म्हणून, तो तसाच निघून गेला.